आठ हजार ऐंशीवर कोण बसलंय?

कोकणातल्या एका गावात एक भोळा माणूस राहायचा. नाव धाकू. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा. आणि एकदा शिकलेलं कधी विसरायचा नाही. पुढचे घोटाळे या शेवटच्या गुणामुळेच झाले असं मला वाटतं. खात्री मात्र नाही.

भाऊ तावड्यांच्या मंगल कार्यालयात धाकू कामाला होता. पाट मांडायचा, पाण्याचा पंप बघायचा, आणि लग्न कॉम्प्युटरवरून बाहेरगावच्यांना दाखवायचा. या खेपेला लग्न होतं मंजिरी गुरवचं. तिचे वडील यशवंत कुवेतला नोकरीला. रजा मिळाली नव्हती. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना ते तिथूनच, फोनवर बघणार होते.

"भाऊ, तेवढं दिसू दे. बाकी काय मागत नाय," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं.

साखरपुड्याच्या सकाळी धाकूने कॉम्प्युटर लावला. कॅमेरा चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, आपोआप अपडेट झाला होता. प्रक्षेपण काही सुरू होईना. पडद्यावर आलं : पोर्ट ८०८० आधीच वापरात आहे.

भाऊंची मुलगी केशर पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करायची. धाकूने तिला फोन लावला.

"धाकूदादा, पोर्ट म्हणजे खिडकी समज. एका खिडकीवर एकच जण बसतो. नव्या ड्रायव्हरबरोबर एक सर्व्हिस आलीय. ती मागे गुपचूप चालते, दिसत नाही. तीच बसलीय आपल्या खिडकीवर."

"मग?"

"आधी बसलेल्याला उठवायचं. मग आपल्याला बसवायचं."

कुठली बटणं दाबायची ते तिने सांगितलं. धाकूने दाबली. प्रक्षेपण सुरू झालं.

"शिकलो," धाकू म्हणाला.

दुपारी पंगत बसली. दुसऱ्या पंगतीची माणसं मागे ताटकळत उभी होती. धाकूने पाहिलं. पान एक, माणसं दोन. नवऱ्याचे मामा नुकतेच मसालेभाताला लागले होते. धाकूने त्यांच्या काखेत हात घातला.

"उठा मामा. तुम्ही आधीपासून बसलाय."

"बरं मग?"

"म्हणून उठा."

मामा उष्ट्या हातानेच भाऊंकडे गेले. भाऊंनी धाकूला कोपऱ्यात घेतलं.

"मेल्या, जेवत्या माणसाला उठवतोस? बसलेल्याला बसू द्यावं. नव्या माणसाला दुसरी जागा दाखवावी."

"शिकलो," धाकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला तर ती सर्व्हिस पुन्हा आठ हजार ऐंशीवर. धाकूने तिला हातसुद्धा लावला नाही. बसलेल्याला बसू दिलं. आपल्या प्रक्षेपणाला शेजारचा नंबर दिला, आठ हजार एक्क्याऐंशी. झकास चाललं.

फक्त यशवंतांना कोणी सांगितलं नव्हतं. ते कुवेतहून जुन्याच नंबरावर धडका देत राहिले. शेवटी त्यांनी केशरला फोन केला, केशरने धाकूला.

"दादा, नंबर बदललास ते बरोबर. पण आपल्याकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला आधी सांगायला नको? आणि न विचारता आपोआप सुरू होतं ना, त्याचं आपोआप सुरू होणंच बंद करायचं."

"दोन्ही शिकलो," धाकू म्हणाला.

त्याने यशवंतांना नवा नंबर कळवला. त्या सर्व्हिसचं आपोआप सुरू होणं बंद केलं. मग उगाच बसवेना, म्हणून तो कार्यालयभर हिंडला. आणखी काय काय आपोआप सुरू होतं ते पाहू लागला. पाण्याचा पंप सापडला. टाकी रिकामी झाली की मेला न विचारता सुरू व्हायचा.

संध्याकाळी हळद लागली. नवरी पिवळी, करवल्या पिवळ्या, भाऊसुद्धा कानापर्यंत पिवळे. आणि नळाला पाणी नाही. विहिरीवर बादल्या घेऊन रांग लागली.

"पंप कोणी बंद केला?"

"मी. तो न विचारता चालायचा."

भाऊ स्वतःच जाऊन पंप सुरू करून आले. पिवळ्या माणसाला रागावणं शोभत नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्ताला थोडाच वेळ उरला असताना प्रक्षेपण अडकलं. नवरा-नवरी समोरासमोर उभी, मध्ये अंतरपाट, आणि कुवेतला यशवंतांच्या फोनवर काळा पडदा. धाकूने घाईघाईने केशरला फोनवर गाठलं.

"आता शोधत बसू नकोस, दादा. सगळं बंद कर. मग पहिल्यापासून सुरू कर."

धाकूने सगळं बंद केलं. म्हणजे मेन स्विचच खाली ओढला. पंखे थांबले, माइक मुका झाला. पण मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. आपटेभटजींनी उघड्या गळ्याने मंगलाष्टकं पुरी केली. सावधान झालं, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. वाजंत्री तर विजेशिवायच वाजतात.

मग धाकूने स्विच वर केला. कॉम्प्युटर उठला. चित्र अजून येत होतं. धाकू बोहल्याकडे धावला.

"भटजी, पहिल्यापासून सुरू करा. यशवंतकाकांना काही दिसलं नाही."

"पहिल्यापासून? अरे, लग्न लागलंसुद्धा! लागलेलं लग्न पुन्हा कसं लावू?"

धाकू विचारात पडला. त्याला केशरची पहिली शिकवण आठवली. आधीचं उठवल्याशिवाय नवं बसत नाही. मग दुसरीही आठवली. वाट बघणाऱ्याला आधी सांगायचं. त्याने भटजींसमोरचा माइक उचलला.

त्याच क्षणी कुवेतला चित्र आलं. आवाजही आला, अगदी स्वच्छ. बोहल्यावर धाकू उभा होता.

"यशवंतकाका, घाबरू नका," तो म्हणाला. "मंजिरीचं लग्न आपण मोडतोय."

कुवेतला यशवंतांच्या हातून फोन पडून फुटला आणि ते मटकन खाली बसले. शेजारी त्यांचा मालक उभा होता. काय झालं ते त्याने विचारून घेतलं.

लेकीच्या लग्नाला जी रजा मिळाली नव्हती, ती लग्न मोडल्यावर लगेच मिळाली.

दुसऱ्या दिवशी यशवंत कार्यालयाच्या दारात उतरले. समोर लेक होती, जावई होता, मंगळसूत्र होतं. ते तिथेच रडायला लागले. धाकूने त्यांची बॅग उचलली आणि केशरला फोन लावला.

"ताई, तू सांगितलंस ते खरं. सगळं बंद करून सुरू केलं की चालतं."