राजांचा वेल, दिवाणजींचे भुंगे

राजे उदाजीरावांच्या भोपळ्याच्या वेलावर तांबड्या भुंग्यांनी धाड घातली आणि अख्खं राज्य संकटात सापडलं! राज्य सातच गावांचं, पण संकट भारी. कारण तो वेल राजांनी स्वतःच्या हाताने लावला होता. म्हणजे बी राजांनी टाकलं; आळं खणणं, शेणखत घालणं, पाणी देणं असली किरकोळ कामं सारजा माळणीने केली.

त्यात चातुर्मास. राजांनी दवंडी पिटवली होती, चार महिने राज्यात मुंगीसुद्धा मारायची नाही! भुंग्यांनी ती ऐकली असावी. पानांची पार चाळण झाली. दरबाराने वेलापुढे तीन दिवस नगारा बडवला. भुंगे जेवत राहिले.

दिवाण विसाजीपंतांचं परसू राजबागेच्या भिंतीला लागून होतं, आणि शेजारच्या सारजेच्या झोपडीवर त्यांचा कधीचा डोळा होता.

"महाराज, माळीणच कामचुकार!" ते म्हणाले. "आठ दिवसांत वेल साफ झाला नाही, तर झोपडी खाली करवावी. मात्र भुंगा मरता कामा नये, आणि राजहस्ते लावलेल्या वेलाला कुणाचा हात लागता कामा नये!"

"मंजूर!" राजे म्हणाले. राजे एकदा मंजूर म्हणाले की संपलं.

झोपडी गेली तर सारजेने जायचं कुठं? पण तिने पदर खोचला. "चुलीतली राख चालंल न्हवं, म्हाराज?"

"राजांच्या वेलावर राख? अपशकुन!" दिवाणजी ओरडले.

"शंकर अंगभर फासतो, दिवानजी. त्येला बी सांगून बघा की!"

राजांना हसू आलं. राख मंजूर झाली.

रोज पहाटे, पानांवर दव असतानाच, सारजा काठीच्या टोकाला राखेची पुरचुंडी बांधून दुरूनच वेलावर झटकायची. ओल्या पानांना राख चिकटून बसायची. भुंग्यांच्या तोंडची चवच गेली. ते भिंतीपलीकडे उडाले.

पलीकडे काय होतं? भोपळ्याचाच वेल! त्या दरबाराची रीतच तशी. मागच्या साली राजांनी मिशी उतरवली, तर दरबारात एक मिशी उरली नव्हती. राजांनी भोपळा लावताच घरोघरी भोपळे लागले. दिवाणजींनी तर निष्ठेपोटी दोन टोपल्या खत जास्त घातलं होतं. पानं कशी कोवळी लुसलुशीत!

आठव्या दिवशी राजांनी वेल पाहिला. भुंगा औषधालाही नव्हता. तेवढ्यात दिवाणजी धापा टाकत आले.

"महाराज, घात झाला! हिने सगळे भुंगे माझ्या वेलावर घातले!"

"जिवंत आहेत?" राजांनी विचारलं.

"जिवंत? माजलेत!"

"म्हंजे येक बी मेला न्हाई," सारजा म्हणाली. "आन् म्या कुनाला धाडलं न्हाई, म्हाराज. तुमी कराल त्येच दिवानजी करत्यात. तुमच्या वेलावर भुंगं, आन् त्यांच्या वेलावर नसतं, तर तुमचा केवढा अपमान झाला असता!"

राजे इतके हसले की पगडी भोपळ्याच्या आळ्यात पडली. दिवाणजींनीही घाईघाईने हसायला सुरुवात केली. रीत ती रीत!

"झोपडी आणि तिच्याभोवतीची जागा आजपासून सारजेची!" राजे म्हणाले. "आणि पंत, चातुर्मास अजून तीन महिने आहे. तुमचे भुंगे मारायचे नाहीत हं!"

"मग मी करू काय, महाराज?"

"म्हाराजांनी क्येलं त्येच," सारजा म्हणाली. "उद्या पहाटं पुरचुंडी घिऊन माझ्या दारात या. चुलीत राख लई हाय!"