पाण्याखालचा टाळ

वेताळदांडे हे समुद्रकाठचे कोळ्यांचे गाव. तिथल्या माडांच्या बनात निवांतनाथ महाराज चातुर्मासापुरते म्हणून उतरले आणि बारा वर्षे राहिले. झावळ्यांची झोपडी, एक घोंगडी आणि पितळी टाळांची जोडी, एवढाच त्यांचा संसार. अमुक खा, तमुक सोड, असे महाराजांनी कधी कोणाला सांगितले नाही. कोळ्यांच्या गावात राहून मासळीच्या वासाला नाके मुरडणारे साधू आम्हीही पाहिले आहेत. महाराज त्यांतले नव्हते. जाळी विणणाऱ्यांच्या शेजारी बसून ते खुशाल अभंग म्हणत.

त्या गावात जोमा नावाचा एक गरीब खलाशी होता. गोमा तांडेलाच्या होडीवर तो काम करी. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. त्याचा शब्द समुद्रावर शेवटचा. पण मासळी कुठे आहे हे मात्र जोमा सांगे. वल्हे पाण्यात उभे धरायचे, त्याच्या वरच्या टोकाला कान लावायचा, आणि खाली घोळ माशांचा थवा घुमत असला तर त्याचा आवाज लाकडातून वर येई. वीस वर्षांत त्याचा कान एकदाही चुकला नव्हता. म्हणून रिवाज असा, की होडीवर कालवण शिजले की सर्वांत मोठ्या घोळीचे डोके जोमाच्या ताटात पडायचे. तो त्याच्या कानाचा मान होता.

एके दिवशी जाळे वर ओढले आणि जोमा दचकला. घटकेपूर्वी वल्ह्यातून ऐकलेला तोच घुमणारा आवाज आता त्याच्या पायांशी, फळ्यांवरून येत होता. जाळ्यातल्या घोळींचा तो आवाज हळूहळू थांबला. दुपारी मानाचे डोके ताटात आले, पण जोमाने त्याला हात लावला नाही. किनाऱ्याला लागताच तो तडक महाराजांकडे गेला.

"म्हाराज, आजपासून मासळी सोडली. खोटं वाटेल, पण आतून उठलंय."

महाराज म्हणाले, "खोटे का वाटेल? पण धंदा?"

"धंदा सोडला तर पोरं उपाशी मरतील. त्योच तर सल हाय. धरायचं पण मी आणि सोडायचं पण मीच. लोक हसतील."

"हसू देत. सगळे एका दिवसात सुटत नाही, बाबा. जेवढे हातून होईल तेवढे धर. आणि एक ध्यानात ठेव. जीवावरच बेतले तर खुशाल खा. नेम मोडला म्हणून देव काठी घेऊन मागे लागत नाही."

एवढी मोकळीक देऊन महाराजांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. केवढे हे मन!

बायको पदीबाई आधी चिडली, मग दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी निमूटपणे भाकरी आणि लसणीची चटणी बांधून देऊ लागली. गोमा तांडेलाला मात्र हे झोंबले. त्याच्या होडीवर, त्याच्या हातचा मान परत करायचा? जोमाने ताट हळूच बाजूला सारले की गोमा सर्वांदेखत म्हणे, "कोळ्यानं मासळी सोडली! आता मांजर काशीला जाईल. काय रं जोमा, वल्ह्याला कान लावून माशांना अभंग शिकवतोस काय?"

जोमा खाली मान घालून हसे. चार महिने असेच गेले.

एका फेरीला होडीवर चौघे होते: गोमा, जोमा आणि आणखी दोन खलाशी. किनारा दिसेनासा झाला, पहिले कालवण शिजले. गोमाने स्वतःच्या हाताने घोळीचे डोके जोमापुढे ठेवले. "आज खायचं. ह्यो तांडेलाचा हुकूम हाय."

"तांडेल, काम सांगाल तेवढं करीन. ह्ये नाय."

गोमाचा तोल गेला. त्याने जोमाची भाकरीची गाठोडी उचलली आणि सरळ समुद्रात भिरकावली. "आता बघतो काय खातोस तो! बोलाव तुझ्या म्हाराजाला!"

त्याच संध्याकाळी वारा फिरला. एका लाटेने चूल नेली, तांदळाचे पोते नेले, शीड फाटले. पहाटे वारा पडला, पण दाट धुके उतरले. ना सूर्य दिसे, ना दिशा कळे. शिल्लक राहिले ते अर्धे पिंप पाणी आणि खारवलेल्या माशांची एक पाटी.

तिघांनी खारे मासे खाल्ले. जोमाच्या पोटात आग पडली होती. शेजारचा खलाशी काकुळतीने म्हणाला, "खा रं भावा. इथं कोण बघतंय?"

जोमाने पाटीकडे पाहिले. खोटे कशाला बोला, त्याच्या तोंडाला पाणी सुटले. महाराजांनी मोकळीक दिली होती. एक तुकडा उचलला असता तर कोणी नाव ठेवले नसते. त्याने स्वतःलाच विचारले, आज मी मरतोय का? नाही. भूक लागली आहे, पण हात चालतात, डोळ्यांना दिसते. मग आज खाल्ले तर ते जिवासाठी नव्हे, गोमाच्या हट्टासाठी होईल. मरायची वेळ आलीच तर बघू.

"आज नाय खात," तो म्हणाला, आणि दोन घोट पाणी पिऊन फाटके शीड शिवायला बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तोच प्रश्न स्वतःला विचारला. उत्तर द्यायला वेळ लागला, पण उत्तर तेच आले. "आजबी नाय."

तोवर खाऱ्याने आपला गुण दाखवला होता. तिघांच्या घशाला शोष पडला, दुपारपर्यंत पिंप कोरडे झाले आणि तिसऱ्या सकाळी ते ओठ फुटून फळ्यांवर पडून राहिले. गोमाची जीभ टाळ्याला चिकटली होती. उपाशी जोमाही थकला होता, पण तहानेने वेडा झाला नव्हता. उभे राहायचे बळ चौघांत त्याच्याच पायांत उरले होते. करण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून त्याने सवयीने वल्हे पाण्यात उभे केले आणि कान लावला.

आणि काय आश्चर्य! वल्ह्यातून टाळ वाजत होता. संथ, एका लयीत, माडांच्या बनात रोज वाजे तसाच. जोमाचे डोळे भरून आले. त्याने वल्हे होडीच्या दुसऱ्या अंगाला नेले. नाद बारीक झाला. पहिल्या अंगाला परत आणले. नाद मोठा झाला.

"तांडेल, होडी वळवा. गाव तिकडं हाय. म्हाराजांचा टाळ ऐकू येतोय."

गोमा घोगऱ्या आवाजात हसला. "उपाशी माणसाला टाळच ऐकू येणार. गाव समोर हाय."

"तुमीच कान लावा."

गोमाने सरपटत येऊन कान लावला. त्याला फक्त पाण्याची सळसळ ऐकू आली. "काय नाय ह्यात!"

जोमा आयुष्यात कधी तांडेलापुढे ताठ उभा राहिला नव्हता. त्या क्षणी राहिला. "वीस वर्सं ह्या कानावर तुमी जाळं टाकलंत. आज एकदा होडी टाका. सुकाणू सोडा, तांडेल."

दोघे खलाशी उठून जोमाच्या बाजूला बसले. गोमाने त्यांच्याकडे पाहिले, जोमाकडे पाहिले आणि सुकाणूवरचा हात काढला.

दहा वेळा वल्हे मारावे, थांबून कान लावावा, पुन्हा मारावे, असे ते चालले. ऊन वर आले तसे धुके विरळ झाले, आणि समोर वेताळदांड्याचे माड दिसले. गोमाने सांगितलेल्या दिशेला नुसता अथांग समुद्र पसरला होता.

किनाऱ्यावर सारा गाव जमला होता. गुडघाभर पाण्यात महाराज ओणवे उभे होते, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि टाळ पाण्याखाली वाजत होता. होडी वाळूला लागली तेव्हा कुठे त्यांनी हात बाहेर काढले. तळव्यांना फोड येऊन फुटले होते.

पदीबाई रडत सांगू लागली, "वादळ झालं नि होडी आली नाय म्हणून परवा मी म्हाराजांच्या पाया पडले. तवापासून हे असेच उभे! लोक म्हणाले, म्हाराजांना खूळ लागलं. मी जेवायला बोलावलं तर म्हणाले, जोमा तिकडे जेवला नाही, मी कसा जेवू?"

दूर समुद्रावरच्या उपाशी माणसासाठी महाराज दोन दिवस उपाशी उभे राहिले! धन्य तो गुरू आणि धन्य तो भक्त!

पाणी पिऊन गोमा सावरला. ते फुटलेले तळवे पाहून त्याच्या अंगाचे पाणी पाणी झाले. तो रडत म्हणाला, "म्हाराज, मी पापी. मीबी आजपासून मासळी सोडतो!"

महाराज म्हणाले, "घाबरून सोडशील तर चार दिवसांनी पुन्हा धरशील. तू काय खातोस हे मी विचारलेच नाही, गोमा. दुसऱ्याच्या तोंडची भाकरी तू पाण्यात टाकलीस. त्याचे काय?"

 गोमा महाराजांचे पाय धरायला वाकला. त्याच वेळी महाराज एक पाऊल बाजूला सरले, आणि त्यांच्यामागे उभा असलेला जोमा समोर आला. गोमा क्षणभर थबकला. साऱ्या गावाचे डोळे त्याच्यावर होते. ज्याला तो चार महिने हसला होता, त्याचे ते वाळूने भरलेले पाय.

"तांडेल, नको," जोमा घाबरून म्हणाला.

पण गोमा मागे वळला नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने आपले डोके आपल्याच खलाशाच्या पायांवर ठेवले.