तीन निखाऱ्यांची चूल

एका राज्यात युद्ध संपल्याची दवंडी पिटली गेली, त्याला हा दुसरा हिवाळा. पण कुणाची चूल काही पेटेना.

विस्तव नव्हता असं नाही. घरोघरी चुलीच्या राखेखाली तीन-तीन निखारे लाल होते. ते विझत नसत आणि वाढतही नसत. गवत टाका, गोवरी टाका, तूप ओता. काडी म्हणून पेट घेत नसे. ज्या मांत्रिकाने नदीचे दोन तीर बारा वर्षं एकमेकांशी झुंजवले, त्याने शिळा होऊन काठावर उभं राहण्याआधी शाप दिला होता : "ऐलतीरचा विस्तव पैलतीराला, पैलतीरचा ऐलतीराला. मागाल तरच मिळेल. आणि तुम्ही मागणार नाही."

तसंच झालं. माणसं धान्य भिजवून कच्चं खात. आधी म्हातारी गेली, मग तान्ही. सरण मात्र आपोआप पेटे.

राजाने उपाय केले. आधी शिपाई धाडले. त्यांनी भाल्याच्या टोकांवर पैलतीरचे निखारे आणले, ते अर्ध्या वाटेत दगड झाले. मग बारा मांत्रिक बसवले. ते कुडकुडत उठून गेले. तिसऱ्या खेपेला त्याने विजयस्तंभ बांधायला काढला. त्याने काय साधणार होतं, ते त्यालाच ठाऊक.

ऐलतीरी भिवरा नावाची कुंभारीण होती. युद्धाआधी दोन्ही तीरांच्या चुली तीच घाली आणि ओल्या काठावर डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवी. आता घरात ती आणि आठ महिन्यांची मंजुळा, एवढ्याच. पोरीला खोकला लागला होता. अंगावरचं दूध आटलं होतं, आणि चावून भरवलेले तांदूळ पोर ओकून टाकी. भिवरा तिच्या छातीला कान लावून श्वास मोजे. मोजणं चुके. पुन्हा पहिल्यापासून मोजे.

जळक्या चिंचेवर एक पिंगळा राहत असे. तो बोले, पण विचारल्याशिवाय नाही.

"पिंगळ्या, ही जगेल का?"

"ऊन पेज मिळाली तर. तीन दिवस आहेत."

"पेज शिजवू कशी?"

"विस्तव मागून. मागायची रीत विसरलीस? अनवाणी जायचं, हाती खापर घ्यायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. घरचं माणूस तीन गोष्टी विचारतं : कोणाची? काय शिजवणार? कोण कोण जेवणार? उत्तर खरं असेल तर निखारा टिकेल. खोटं असेल तर विझेल. चुलीत तीनच आहेत."

शेजारच्या सखूने ऐकलं, तशी ती उसळली. "जा, जा! पैलतीराने तुझं अख्खं घर खाल्लं, आता त्यांच्याच दारात हात पसर!"

"हात नाही, खापर," भिवरा म्हणाली, आणि आपण हे मोठ्याने बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

सखूने तिच्याकडे रोखून पाहिलं. "पोर इकडं दे. एवढ्या गारठ्यात कुठं नेतेस तिला?"

पूल जळून गेला होता. नदीत बुडालेले सैनिक उताणे पडून अजून वर पाहत होते. त्यांच्या छातीवरच्या ढालींवर पाय देत भिवरा निघाली. "हळू गं," एक जण पाण्याखालून म्हणाला. आवाज ओळखीचा वाटला. ती थांबली नाही. थांबली असती तर पुढे गेलीच नसती.

पैलतीरचं पहिलं घर तानू म्हातारीचं. तानूने मुकाट्याने खापरावर राख पसरली, वर निखारा ठेवला आणि विचारलं, "कोणाची?"

भिवरेचा धीर सुटला. "वरच्या वाडीची."

निखारा काळा पडला.

"वरच्या वाडीत माणूस उरलेलं नाही, बाई," तानू म्हणाली. "खोटंच बोलायचं तर निदान नांदतं गाव तरी घ्यायचंस."

दुसऱ्या दिवशी भिवरा पुन्हा उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"कोणाची?"

"ऐलतीरची. भिवरा कुंभारीण."

"खापरावरचा अंगठ्याचा ठसा पाहून कालच कळलं. माझी चूल तूच घातलीस. काय शिजवणार?"

"पेज."

"कोण कोण जेवणार?"

"पाच जण," भिवरा म्हणून गेली. सासू, दीर, जाऊ, नवरा, ती. बारा वर्षं हेच उत्तर होतं. निखारा विझला, तेव्हा कुठे आपण काय बोललो ते तिला कळलं.

या वेळी तानूने टोमणा मारला नाही. "मीही रोज दोन पाट मांडते," ती म्हणाली. "उद्या ये."

तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुळेचा खोकला थांबला. खोकण्याएवढंही बळ पोरीत उरलं नव्हतं. भिवरा धावतच नदी ओलांडून गेली.

"कोण कोण जेवणार?" तानूने शेवटचं विचारलं.

"मी. माझी लेक. बाकीची पुलावर गेली."

निखारा लाल राहिला. पण तानूने खापर सोडलं नाही.

"पूल कोणी पेटवला, ठाऊक आहे?"

"नाही."

"माझ्या धोंडूने. पलिते याच चुलीतून नेले. परत आला नाही तो. हा विस्तव तोच आहे, बाई. घेशील?"

खापर म्हातारीच्या तोंडावर फेकावं, असं भिवरेला वाटलं. आत चुलीच्या काठावर तिचा स्वतःचा अंगठा उमटलेला दिसत होता.

"पोर खोकायची थांबलीय, काकू," ती म्हणाली. "द्या."

परतताना नदीतल्या ढाली एकमेकींना खेटून आल्या होत्या. पेज शिजली. मंजुळेने दोन घोट गिळले आणि खोकली. त्या खोकल्याइतकं गोड भिवरेने आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी तिच्या दारात तानू उभी राहिली, अनवाणी, हाती खापर. सखूने दाणकन दार लावून घेतलं, मग फटीतून पाहू लागली.

"कोणाची?" भिवरेने विचारलं.

"धोंडूची आई."

"काय शिजवणार?"

"कण्या."

"कोण कोण जेवणार?"

"मी एकटी."

निखारा काळा पडला. दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"खरं तेच सांगितलं गं," तानू म्हणाली. "दुसरं कोण आहे मला?"

भिवरेने मागे वळून पाहिलं. चुलीपाशी तीन वाडगे मांडलेले होते. कधी मांडले, तिला आठवेना. मोजण्यात ती चुकायचीच.

"काकू, चुकलात," ती म्हणाली आणि खापरावर दुसरा निखारा ठेवला. "तीन जणी म्हणा."

तानूने आतल्या तीन वाडग्यांकडे पाहिलं.

"तीन जणी."

निखारा फुलला. नदीकाठची शिळा मधोमध तडकली.

संध्याकाळपर्यंत दोन्ही तीरांवरून माणसं खापरं घेऊन निघाली. सखू सगळ्यांत पुढे. ढालींवरून विस्तव नेताना पाय घसरे, म्हणून ऐलतीरच्या सुतारांनी आणि पैलतीरच्या पाथरवटांनी पूल बांधायला घेतला. दगड विजयस्तंभाचे काढले. ही आपलीच आज्ञा, असं राजाने जाहीर केलं. कोणी हरकत घेतली नाही. शेवटची फळी बसली, तेव्हा बुडालेल्यांनी डोळे मिटले.

त्या राज्यात दारी अनवाणी माणूस आलं, तर अजून तेच तीन प्रश्न विचारतात. फक्त तिसऱ्याचं उत्तर येण्याआधी एक वाडगा जास्त मांडून ठेवतात.