हाळीचा धोंडा

फोटो काढून झाले असतील तर जरा टेका. त्या धोंड्यावर मात्र बसू नका, शेजारच्या पायरीवर बसा. हा आमचा हाळीचा धोंडा. याला शेंदूर नाही, घंटा नाही, त्यामुळे येणारे-जाणारे खुशाल यावर बसून वडापाव खातात. आम्ही तरी कितीजणांना उठवणार?

मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी आला असतात तर बघितलं असतंत. सकाळी इथं तीन दगडांची चूल मांडतात, तिच्यावर मोठं पातेलं चढतं आणि आमच्या कुसरवाडीची एक बाई या धोंड्यावर उभी राहून बेंबीच्या देठापासून हाळी देते. काय म्हणते, तर पातेल्यात काय काय घातलं ते. ती म्हणते बेहडा, की खाली जमलेलं सगळं गाव म्हणतं बेहडा. मग अडुळसा, मग सुंठ, मग गूळ. घशाचा काढा तो, दुसरं काही नाही. मागच्या वर्षी पुण्याची काही मंडळी होती, त्यांना हसू आवरेना. मी त्यांना रागावलो नाही, फक्त ही गोष्ट सांगितली. हसणं तिथंच थांबलं.

फार जुनी गोष्ट आहे. घाटाला रस्ता नव्हता, एसटी नव्हती, डॉक्टर हा शब्दसुद्धा इकडं कुणी ऐकलेला नव्हता. मार्गशीर्ष लागला की कोकणाच्या बाजूनं धुकं वर चढायचं ते दुपारपर्यंत हलायचं नाही, आणि त्या धुक्यात गावाचे घसे धरायचे. आधी नुसती खवखव. मग आवाज बसायचा. मग आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि लहान पोर असलं तर ते पाण्यालाही तोंड उघडेनासं व्हायचं. ज्या घरातून पोराच्या रडण्याचा आवाज यायचा बंद झाला, त्या घरापुढून लोक मान खाली घालून जायचे, असं सांगतात.

यावरचा काढा पंचक्रोशीत एकाच बाईला ठाऊक होता. तिचं नाव कोंडाई. तिच्या सासऱ्यानं मरताना तो तिच्या कानात सांगितला होता आणि त्याआधी याच धोंड्यावर तिचा हात ठेवून तिच्याकडून शपथ घेतली होती. औषधाचं नाव तोंडातून बाहेर पडलं की त्याचा गुण गेला. मग तो काढा नाही, नुसतं गढूळ पाणी. सांगायचं ते एकदाच, मरताना, एकाच्याच कानात. आता तुम्ही म्हणाल, काय हा अडाणीपणा. पण तेव्हा प्रत्येक झाडपालेवाला असंच मानत होता, आणि आजही असे पुष्कळ आहेत, विचारून बघा.

कोंडाई शपथेला पक्की होती. पाला आणायला एकटी जायची, पाटीवर फडकं घालायची. वाटेत कुणी डोकावलंच तर कळू नये म्हणून चार भलतीच पानं वरती टाकायची. घरात आढ्याला सात पुरचुंड्या टांगलेल्या, सगळ्या एकाच लुगड्याच्या फडक्याच्या, कशावर खूण नाही. आणि काढा करायचा तो आजाऱ्याच्याच चुलीवर, स्वतःच्या हातानं, सगळ्यांकडं पाठ करून. पण बाई जिवाला जीव देणारी होती हो. हाक आली की भाकरी ताटात टाकून निघायची.

तिची सून येसू. ही गोष्ट खरं तर येसूची. नऊ वर्षं त्या घरात नांदली, पण त्या पुरचुंड्यांना तिनं कधी हात लावला नव्हता. नवरा बैलांवर मीठ आणायला कोकणात उतरलेला, आणि घरात चार वर्षांची चिमी, नवसासायासांनी झालेली एकुलती एक.

त्या वर्षी धुकं लवकर आलं, म्हणे. पहिली हाक खालच्या वाडीतून आली. गिरजा नावाची बाई होती, तिची दोन्ही पोरं एकाच दिवशी आडवी झाली. ती धापा टाकत चढ चढून वर आली तेव्हा कोंडाई स्वतःच अंथरुणात होती. अंगात ताप, घसा बसलेला. पाय खाली टेकवेना, तर घाट उतरणार कशी? उद्या उतरते म्हणाली. गिरजानं तिचे पाय धरले.

"कोंडाई, तू नको येऊस. काय घालायचं तेवढं सांग. मी करते."

कोंडाईनं मान हलवली. गिरजा परत परत तेच म्हणत राहिली आणि ही परत परत मान हलवत राहिली. येसू चुलीपाशी बसून हे बघत होती. तिला मध्ये बोलावंसं वाटलं, पण सासूपुढं बोलायची तिची छाती झाली नाही. गिरजा उठली आणि धुक्यात उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी कोंडाई उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच कोसळली. तिसऱ्या दिवशी खालच्या वाडीतनं निरोप आला की धाकटा गेला. पाचव्या दिवशी थोरली. निरोप सांगणारा बाहेरच उभा राहिला, पाणीसुद्धा न पिता गेला. कोंडाईचा आवाज तोवर पार गेला होता, नुसता वारा यायचा. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

आणि सहाव्या दिवशी सकाळी चिमीनं पेज नको म्हटलं. येसूनं तिचं कपाळ पाहिलं तर चटका बसला. तोंड उघड म्हणाली तर पोर नुसती रडवेली होऊन गळ्याला हात लावायची.  येसूला गिरजाच्या पोरांचे दिवस बोटांवर मोजता येत होते. धाकट्याला तीन दिवस लागले, थोरलीला पाच. चिमी तर धाकट्याच्याच वयाची. तासाभरानं पोर कण्हायची थांबली, आणि ते कण्हणं थांबलेलं येसूला जास्त भिववून गेलं. ती दर थोड्या वेळानं तिच्या नाकापाशी बोट धरून बघायची.

मग ती सासूपाशी गेली. आत्याबाई, पुरचुंड्या काढते, नुसतं बोट दाखवा, म्हणाली. रडली, हातापाया पडली. कोंडाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मान मात्र नाही-नाही हलत होती. हट्ट नव्हता तो. भीती होती. बोट दाखवलं तरी ते सांगणंच, आणि सांगितलं की गुण गेला. मग नातीला काय द्यायचं, गढूळ पाणी? तिला वाटत होतं, आपण अजून उठू, एकदा तरी चुलीपर्यंत जाऊ.

येसूचा मात्र धीर सुटला. तिनं हात वर करून सातही पुरचुंड्या खाली ओढल्या. कुठली खरी, कुठली भलती, तिला काय ठाऊक? तिनं विचार केला तो असा: सातातल्या काही तरी काढ्याच्या असणार, मग सातही घातल्या की काढ्याचं सगळं आपोआप त्यात आलं. साधा हिशेब. चूल पेटवली, सातही पुरचुंड्यांतलं मूठ-मूठ भांड्यात टाकलं आणि उकळी आणली. वास कडवट येत होता. पोरीला द्यायच्या आधी आपण पिऊन बघायचं, एवढी अक्कल तिला होती. तिनं वाटीत ओतलं, फुंकर घातली.

मागून सरपटल्याचा आवाज आला. कोंडाई अंथरुणातून बाहेर येऊन जमिनीवरून तिच्याकडं येत होती. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ, आणि आवाज काहीच नाही. तिनं येसूचं मनगट धरलं. येसूला वाटलं, म्हातारी अजून औषधच राखतेय. नात मरायला टेकली तरी हिला शपथच मोठी. असा संताप आला तिला की तिनं तो हात झटकून टाकला आणि वाटी ओठांना लावली.

तेव्हा कोंडाईच्या गळ्यातून जे निघालं ते माणसाच्या आवाजासारखं नव्हतं, असं सांगतात. पण शब्द कळले.

"काजरा हाय त्यात."

येसूच्या हातातली वाटी गळाली. काजरा म्हणजे विषच. त्याची साल कोंडाई दुखऱ्या गुडघ्यांना उगाळून लावायची आणि ती सातव्या पुरचुंडीत होती. ओठांना लागलेलं येसूनं पदरानं खसखसा पुसलं, थुंकली, चूळ भरली. मग वळून झोपलेल्या चिमीकडं पाहिलं. पोरीला पाजायला आपण काय शिजवलं होतं ते तिला तेव्हा कळलं.

कोंडाई थांबली नाही. एकदा तुटलीच होती शपथ. एकेक नाव तिनं गळा फाडून बाहेर काढलं, मध्ये खोकली, ओठाला रक्त आलं. बेहडा. अडुळसा. सुंठ. गूळ. येसू प्रत्येक नाव मोठ्यानं परत म्हणायची, चुकायला नको म्हणून, आणि म्हातारीनं मान डोलावली की पुढचं. भांडं घासून परत चुलीवर चढलं. काढा उकळायला लागला तसं कोंडाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. तिच्या लेखी आता त्यात काही उरलेलं नव्हतं.

येसू आधी स्वतः प्यायली. मग चिमीला मांडीवर घेऊन बोट बुडवून थेंब-थेंब चाटवत बसली. अर्धं बाहेर यायचं. दुपार झाली, धुकं हटलं, परत उतरलं. पोरीची मान हातावर लोळत होती. येसू कुठल्या देवाला काय बोलली ते तिलाच माहीत. दिवे लागायच्या सुमाराला चिमीनं आवंढा गिळला, डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आये, पेज."

येसू हसत होती, रडत होती. तिनं सासूचा पदर ओढला, आत्याबाई, लागू पडलं, सांगून पण लागू पडलं, म्हणाली. कोंडाई उठून बसली. पण तिच्या तोंडावर आनंद नव्हता. ती नातीकडं बघतच नव्हती, दारातून खालच्या वाडीकडं बघत होती. तिनं काही बोलायला तोंड उघडलं. त्यानंतर मरेपर्यंत तिच्या गळ्यातून एक शब्द आला नाही. ती कशानं थिजली ते येसूला जरा उशिरा समजलं, आणि समजल्यावर तिनं चिमीला घट्ट धरलं.

कोंडाईला चालता येईस्तोवर आठवडा गेला. त्या दिवशी तिनं काढ्याचा तांब्या घेतला, येसूचा हात धरला आणि दोघी खाली गिरजाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. कोंडाईनं खुणेनं सांगितलं, सांग.  येसूचं पोर घरी खेळत होतं आणि समोर जी बाई होती तिचं घर चिडीचूप होतं. येसूनं चार नावं सांगितली.

गिरजाच्या बांधावरच बेहडा होता. अडुळशाचं तर तिचं कुंपण. सुंठ आणि गूळ घरात, मडक्यात. तिनं दोघींना विचारलं.

"एवढंच होतं?"

कोंडाईनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. गिरजानं तिला उठवलं म्हणतात, काहीजण म्हणतात लाथाडलं. मी ऐकलं ते असं की तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही, उंबऱ्यावर बसली आणि बसूनच राहिली. पण पुढच्या मार्गशीर्षात ती चढ चढून वर आली, या धोंड्यावर उभी राहिली आणि तिनं चारही नावं अशी काही ओरडून सांगितली की पार खालच्या वाडीत ऐकू गेली. कोंडाई शेजारी उभी होती. ही पहिली हाळी.

घ्या, लिहून घ्या खुशाल, इथं लपवाछपवी नाही. मात्र ताप असेल, गिळता येत नसेल तर काढा उकळत बसू नका, तालुक्याचा दवाखाना गाठा. आम्हीसुद्धा तेच करतो.

आजही हाळी झाली की पहिला तांब्या आम्ही पीत नाही, तो खालच्या वाडीत जातो. कुसरवाडीची एक सून तो नेते, गिरजाच्या घरापुढं उभी राहून चार नावं सांगते. आता त्या घरात नांदणारी बाई बाहेर येते. कधी तांब्या घेते, ओटी भरते. कधी घेत नाही, आणि तोंडाला येईल ते बोलते. नेणारीनं उलट बोलायचं नसतं आणि निघूनही यायचं नसतं. तिचं बोलणं संपेपर्यंत मान खाली घालून उभं राहायचं असतं. परवा माझी सून गेली होती, तासभर उभी होती.