सातव्या हिरवळीवरची घुंगुरमाळ

करंजमाळाच्या गोल्फ मैदानावर बॅटरीच्या गाड्या सगळीकडे फिरतात, पण सातव्या होलच्या अलीकडे जो काळा धोंडा आहे त्याच्यापुढे एकही गाडी जात नाही. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला तिथं उतरावंच लागतं. तिथून हिरवळीपर्यंत चालत जायचं, कडेच्या हिवराच्या झाडाला टांगलेली बैलाची घुंगुरमाळ खळखळून हलवायची, मागे वळून मोठ्यानं विचारायचं, "मागं कोण हाय का?" कोणी असलं तर आपला चेंडू उचलायचा, बाजूला व्हायचं आणि त्याला पुढे जाऊ द्यायचं. कोणी नसलं तरच काठी हातात घ्यायची.

शहरातून पहिल्यांदा आलेले लोक हसतात. गोल्फ म्हणजे शांततेचा खेळ. समोरचा माणूस चेंडू मारत असताना खोकलासुद्धा गिळायचा असतो, आणि इथं हे बैलपोळ्यासारखं घुंगूर वाजवणं! खेळणाऱ्यांच्या काठ्या वाहणाऱ्या कॅडींतले सर्वांत जुने हणमंतअण्णा त्यांना हसू देतात. मग म्हणतात, "हसा की. पर आदी खाली उतरा." माणसं उतरली की ते धोंड्याशेजारी उभे राहून हकिकत सांगतात. धोंड्यावर ते स्वतः बसत नाहीत, कुणाला बसूही देत नाहीत.

करंजगड ही जहागीर. नकाशावर शोधायची तर भिंग लागावं एवढी. तिचे धनी भाऊसाहेब सरकार तरुणपणी विलायतेला गेले, आणि असलेली अक्कल तिकडे ठेवून गोल्फच्या काठ्या तेवढ्या घेऊन आले, असं सांगतात. आल्या आल्या त्यांनी गावाचा गायरान माळ ताब्यात घेतला. गुरं हाकलली, दगड वेचले, गवत पेरलं. शेजारच्या शिंगणवाडीच्या हौदात खरवडून पाणी काढावं लागे त्या दिवसांत सरकारांच्या हिरवळीला मात्र पखालींनी पाणी पडायचं. चेंडू जाण्यासाठी मधोमध जो खळगा केला होता त्याला वाडीची माणसं गोट्यांच्या खेळातला शब्द वापरून 'गल' म्हणत. एवढा मोठा माणूस आणि गलीत गोटी घालायला धडपडतो, म्हणून घरात बसून हसत. बाहेर हसायची कुणाची छाती नव्हती.

सरकारांना चालणं माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी एका बैलाची हलकी गाडी होती. हिरवळीवर खूर उमटू नयेत म्हणून त्या बैलाच्या पायांना चामड्याच्या पिशव्या बांधत. मैदानावर चाक फिरायचं ते तेवढंच. दुसऱ्या कुणाच्या चाकाची चाकोरी गवतावर दिसली तर गाडीवानाच्या पाठीवर तशीच उमटवायची, असा हुकूम होता.

आणि खेळायचे किती सावकाश! सरकारांच्या मागून खेळायला निघालेला पाहुणा घरी पोहोचेपर्यंत त्याच्या पोराला मिसरूड फुटायची, असं लोक म्हणत. गलीजवळ आले की ते आधी गवताचा कल बघायचे. मग पोटावर पालथे पडून एक डोळा मिटून बघायचे. मग पलीकडून तेच. मग वाटेतली काडी उचलायला माणूस धाडायचे. मग उभे राहायचे, काठी हलवायचे, थांबायचे. एवढ्यात कुठं खुट्ट झालं, की काठी खाली. पुन्हा गवताचा कल, पुन्हा पोटावर पालथं, सगळं पहिल्यापासून. मागून येणाऱ्याला 'तुम्ही व्हा पुढे' म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

आता खोट अशी होती, की शिंगणवाडीहून शहराकडे जाणारी जुनी गाडीवाट नेमकी या सातव्या हिरवळीच्या कडेला लागून जायची. दुसरी वाट होती, पण ती डोंगराला वळसा घालून, अख्खा दिवस खाणारी. जुनी वहिवाट मोडायची हिंमत सरकारांनाही झाली नाही. म्हणून त्यांनी वाटेवर माणूस बसवला. त्याचं नाव येसबा. त्याच्या हातात बांबूला बांधलेलं तांबडं निशाण असायचं. सरकार हिरवळीवर असले की निशाण वर. निशाण वर असेपर्यंत वाटसरूनं धोंड्यापाशी जागच्या जागी थांबायचं, गप्प राहायचं. चेंडू गलीत पडला की निशाण खाली.

येसबा शिंगणवाडीचाच. बायको मागेच गेलेली, घरात एकुलती एक लेक हौसा. साधा माणूस होता म्हणतात, पण हातात निशाण आलं आणि माणूस बदलला. गुरवापेक्षा घंटेलाच मान जास्त, तशी गत. त्यानं दूधवाल्याला उन्हात इतकं थांबवलं की दूध नासलं. एका नवरदेवाचं वऱ्हाड थांबवलं, मुहूर्त टळला, आणि वाजंत्र्यांच्या तोंडावर हात ठेवायला हाच पुढे. तुका म्हणून वाडीतला एक गाडीवान होता, त्याच्या बापाची तिरडीसुद्धा त्यानं धोंड्यावर टेकवायला लावली. खांदेकरी गयावया करायला लागले तेव्हा येसबा म्हणाला, "मेलेल्याला कसली घाई?" हे वाक्य वाडी विसरली नाही.

हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. चैताचे दिवस. रात्रभर ती अडली. उजाडल्यावर सुईणीनं हात टेकले आणि म्हणाली, मूल आडवं आहे, शहरातल्या दवाखान्यात नेलं तरच दोन जीव सुटतील. येसबा पहाटेच निशाण घेऊन माळावर गेला होता, कारण सरकार ऊन चढायच्या आत खेळायला यायचे. घरी दुसरं कोणी नव्हतं. शेवटी सुईणीनं तुकाला हाक मारली, आणि सांगायला पाहिजे, तुकानं मागचं काही न काढता गाडी जुंपली. खाली गवत, वर गोधडी, त्यावर हौसा. बैल पळवत तो धोंड्यापाशी आला, आणि समोर निशाण वर होतं.

सरकारांचा चेंडू गलीपासून हातभर लांब होता. ते पालथे पडून बघत होते.

येसबानं गाडी ओळखली. बैल ओळखले. मग आतून कण्हणं ऐकलं आणि तेही ओळखलं. निशाण वरच ठेवून तो वाकत वाकत धोंड्याकडे आला.

"नाना, निशाण खाली घ्या," तुका म्हणाला. "हौसाक्का हाय आत."

"सरकारांचा येक फटका ऱ्हायलाय. आत्ता हुईल."

"नाना, तवा मेलेल्याला घाई नव्हती. आज जित्याला हाय."

येसबाचं तोंड काळं ठिक्कर पडलं. त्याला एवढंच करायचं होतं, हात खाली घ्यायचा होता. पण तो हात त्याचा राहिला नव्हता. फटका एकच उरलाय, एवढा होऊ दे, असं तो मनाशी म्हणाला. तेवढ्यात हौसानं किंकाळी फोडली. हिरवळीवर सरकारांनी काठी खाली केली, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा गवताचा कल बघायला निघाले.

सगळं पहिल्यापासून. ते पोटावर पालथे पडले. पलीकडे जाऊन पुन्हा पालथे पडले. काडी उचलायला माणूस धाडला. उभे राहिले, काठी हलवली, आणि बैलानं मान झटकली तशी घुंगुरमाळ वाजली. काठी पुन्हा खाली.

तेव्हा येसबानं काय करावं? त्यानं निशाण काखेत दाबून वरच धरलं आणि मोकळ्या हातानं गवत उपटून बैलांच्या घुंगरांत कोंबलं. एकेका घुंगरात, नीट, हलवून बघत. मग तो गाडीच्या मागच्या अंगाला गेला. हौसाचे डोळे तारवटले होते. बाप दिसल्यावर तिला धीर आला. तिनं हात पुढे केला.

"आबा आलासा? चला की आता, लवकर."

"व्हय गं माज्ये बाये. ह्ये बघ, तू जितकी वरडशील तितका येळ लागतुया. सरकार परत पयल्यापासनं सुरू करत्यात. थोडा येळ गप ऱ्हा. पदर घाल तोंडात." आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "शू."

लेक बापाच्या शब्दाबाहेर नव्हती. तिनं पदराचा बोळा तोंडात घातला.

सुईण म्हणत होती, "आरं, तिला वरडू दे, जोर लावू दे." पण तीही कुजबुजतच म्हणत होती. सगळ्या माळावर पान हलत नव्हतं. सरकार पालथे पडले, उठले, पलीकडे गेले, पुन्हा पालथे पडले. येसबा निशाण धरून उभा होता आणि मनात देवाला म्हणत होता, चेंडू जाऊ दे. आयुष्यात त्यानं सरकारांच्या चेंडूसाठी इतक्या कळवळून काही मागितलं नव्हतं. कितीतरी वेळानं काठी हलली. चेंडू निघाला, गलीच्या काठावर रेंगाळला आणि आत पडला.

"वा!" सरकार खूश होऊन म्हणाले. "येसबा, आज काय शांतता ठेवलीस! टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. याला म्हणतात शिस्त." त्यांनी डोक्याचा फेटा उतरवून त्याच्याकडे फेकला.

निशाण खाली आलं. येसबा फेटा हातात घेऊन ओरडत धावला, "हाण गाडी, तुका, हाण!" तुकानं गाडी हाणली नाही. तो गाडीवरून खाली उतरला होता. सुईण हौसाच्या तोंडातून पदर काढत होती. तो निघत नव्हता, दात घट्ट बसले होते.

दोन्ही जीव धोंड्यापाशीच गेले. तुकानं बैलांच्या गळ्यातली घुंगुरमाळ काढून येसबाच्या पायांवर टाकली. ती वाजली नाही.

माणूस यानंतर नोकरी सोडेल असं कुणालाही वाटावं. येसबानं सोडली नाही. दहन उरकून दुसऱ्या दिवशी तो निशाणापाशी हजर. डोक्याला सरकारांचा फेटा. वाडी त्याच्या तोंडावर थुंकली. त्यानं पुसलं आणि उभा राहिला. त्याचा नियम आधी कडक होता, आता लोखंडाचा झाला. सरकारांच्या चाकरांनासुद्धा निशाण वर असताना पाय हलवू देईना. सरकारांच्या गाडीचा बैलही हलला म्हणून बदलायला लावला. सरकारांना कोण कौतुक! आल्यागेल्या पाहुण्याला सांगायचे, "शांतता शिकावी तर आमच्या येसबाकडून."

पण म्हणे त्या दिवसापासून सातव्या गलीत सरकारांचा चेंडू शांततेत कधी पडला नाही. जायचा, काठाला हुंगायचा आणि वळायचा. त्यांनी झाडांवरची पाखरं मारवली. हिवर तेवढा सावलीसाठी ठेवून बाकीची झाडं तोडवली. चेंडू वळायचा तो वळायचाच.

पुढल्या चैतात सरकार त्याच हिरवळीवर होते. चेंडू गलीपासून वीतभर. काठी हलवता हलवता त्यांनी छाती धरली आणि ते खाली बसले, मग आडवे झाले. चाकरांना आधी वाटलं, गवताचा कल बघायला पालथे पडलेत. घाम बघून एक जण येसबाची नजर चुकवून शहराकडे धावला. डॉक्टर टांगा भरधाव पिटाळत आला आणि धोंड्यापाशी पोचला. समोर निशाण वर होतं.

"बाजूला हो," डॉक्टर म्हणाला.

"सरकारांचा चेंडू अजून गलीच्या भाईर हाय," येसबा म्हणाला. "हुकूम हाय. थांबावं लागंल."

चाकर बघत उभे राहिले. निशाण वर असताना हलायचं नाही, हे त्यांच्या हाडांत येसबानंच भिनवलं होतं. हुकूम मोडायचा तर तो सरकारांनीच मोडायला हवा, आणि सरकारांची जीभ अडकली होती. त्यांच्या तोंडून घोगरा आवाज निघाला. येसबा हिरवळीवर त्यांच्याजवळ गेला, उकिडवा बसला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"शू. वरडला तर परत पयल्यापासनं."

सरकारांना कळलं. सगळं कळलं, असं सांगतात. त्यांचा हात सरपटत चेंडूकडे गेला. बोटांनी त्यांनी तो ढकलला. चेंडू गलीच्या काठापर्यंत गेला, थांबला आणि वळून परत त्यांच्या बोटांपाशी आला. त्यांनी पुन्हा ढकलला. तो पुन्हा परत आला. डॉक्टर टांग्याशेजारी उभा होता, चाकर उभे होते, आणि माळावर पान हलत नव्हतं. मग बोटं ढकलायची थांबली.

येसबा उठला. फेटा सोडून त्यानं सरकारांच्या तोंडावर टाकला. चेंडू स्वतःच्या हातानं उचलून गलीत घातला आणि निशाण खाली केलं. "जावा आता," तो डॉक्टरला म्हणाला. मग कोपरीच्या खिशातून त्यानं तुकानं टाकलेली ती घुंगुरमाळ काढली, एकेका घुंगरातलं वाळलेलं गवत नखानं कोरून काढलं आणि ती हिवराला बांधली. वारं आलं तशी ती वाजली. ती वाजली तेव्हा तो धोंड्यावर डोकं आपटून रडला, आणि त्याचं रडणं पार वाडीपर्यंत ऐकू गेलं. कुणी त्याला गप्प केलं नाही.

पुढे त्याचं काय झालं ते नक्की नाही. कोणी म्हणतात तोफेच्या तोंडी दिला, पण करंजगडाला तोफ होतीच कुठं? हणमंतअण्णा म्हणतात, तो त्या धोंड्यापाशीच मेला, वाट अडवली जाऊ नये म्हणून जरा बाजूला सरकून.

जहागीर गेली, माळ क्लबाकडे आला, बैलांच्या जागी बॅटरीच्या गाड्या आल्या. गाडीवाट आता गवताखाली आहे. तरी आजही सातव्याला येणारा माणूस धोंड्यापाशी उतरतो, माळ वाजवतो, मागे बघून विचारतो. शांततेत मारलेला चेंडू इथं पडत नाही असं म्हणतात, आणि मुद्दाम मारून बघणारे निघतात, त्यांचं काय होतं ते अण्णा सांगत नाहीत.

मात्र एक गोष्ट ते पाहुण्यांना निघण्याआधी आवर्जून सांगतात. बाकी साऱ्या मैदानावर खुशाल शांतता पाळा. इथं कुणी बोललं, हसलं, कुणाचं मूल रडलं, तर रडू द्या. आजही सातव्या हिरवळीवर जो ओठांवर बोट ठेवतो, त्याच्या हातातली काठी कॅडी काढून घेतात.