एलीशाचं मौन

"मीठ कमी पडलं का रे?"

आश्रमाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या दीनाबाईंनी विचारलं. एलीशाने जोरजोरात मान हलवली, मिठाच्या बरणीकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात आडवे फिरवले.

"पडलंच बघ," म्हणत बाईंनी त्याच्या वरणात आणखी एक चिमूट टाकली.

एलीशाने कपाळाला हात लावला.

लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीचे, उपासतापासाचे दिवस होते. आश्रमात जो तो आपापल्या परीने काहीतरी सोडत होता. कोणी चहा सोडला, कोणी सुपारी. या पठ्ठ्याने मीठही सोडलं आणि बोलणंही. गळ्यात 'मौन' अशी पाटी अडकवून तो ऐटीत हिंडायचा.

त्यालाही कारण होतं. डोंगरापलीकडच्या गावात नवी मंडळी, म्हणजे ख्रिस्ती भाविकांची संगत, उभी राहिली होती. तिथल्या लोकांना प्रार्थना शिकवायला कोणाला धाडायचं, ते आश्रमाचे प्रमुख शिमोन आप्पा आज सांगणार होते. तिथे जाण्यासाठी एलीशाचा जीव तुटत होता. एवढी कडक साधना पाहून आप्पा दुसऱ्या कोणाचं नाव घेणारच नाहीत, असं त्याला वाटे.

पण वरण अळणी हवं, हे आता सांगायचं कसं?

त्याने टाळ्या वाजवल्या. ताट बडवलं. हवेत बोटाने अक्षरं काढली.

"ताक मागतोय," लसूण सोलता सोलता योहान म्हणाला.

"छे, पोटात कळ आलीय त्याच्या. ओवा आणा!" पाठीमागून कोणीतरी ओरडलं.

ओवा आला. ताकही आलं, तेही खारट. एलीशाने पाय आपटले, तशी पाणी भरणारी माणसं कळश्या टाकून धावत आली.

तेवढ्यात शिमोन आप्पा दारात उभे राहिले. त्यांनी एलीशाकडे पाहिलं, गळ्यातल्या पाटीकडे पाहिलं... आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

"अरे, केवढा हा गलका!"

"गलका?" एलीशा उसळला. "आप्पा, मी अवाक्षरही काढलं नाही!"

...आणि त्याने जीभ चावली.

सगळे पोट धरधरून हसले. एलीशाचा चेहरा पार उतरला. संपलं, आता कसली नवी मंडळी! पण दीनाबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या, ते पाहून त्यालाही राहवेना. तोही हसला. पाटी काढून त्याने खुंटीला टांगली आणि चुलीपाशी बसकण मारली.

"बरं झालं बाबा बोललास," दीनाबाई म्हणाल्या. "कधीची तुला सांगीन म्हणते. नात झालीय मला. नावावरून घरात दोन तट पडलेत. जावई म्हणतो रिबेका, विहीणबाई म्हणतात शांता. रोज भांडणं."

दोन्ही नावांचा अर्थ एलीशाच्या अगदी ओठांवर आला होता. का कोण जाणे, तो थांबला.

"आणि तुम्हाला काय आवडतं?"

दीनाबाईंचा हात कालथ्यावरच राहिला. "मला?... मला कोणी विचारलंच नाही रे." मग हळूच, लाजत म्हणाल्या, "सुवार्ता."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मग लेकीचं बाळंतपण, तिचे हाल, तिला भेटायला जायची हुरहुर, सगळं एकेक करून बाहेर पडलं. एलीशा गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत राहिला. समोरचं वरण निवून गेलं, तेही त्याच्या ध्यानात आलं नाही. आप्पा दारातच उभे राहून पाहत होते.

बाई भाकरी थापायला वळल्या, तेव्हा कुठे एलीशाला आपलं दुःख आठवलं. तो उठून आप्पांपाशी गेला.

"आप्पा, माझं मौन मोडलं..."

आप्पांनी भाकरी थापणाऱ्या दीनाबाईंकडे पाहिलं.

"आता मला नाही ना धाडणार?"

"मोडलं?" आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला वाटलं, आत्ता कुठं सुरू झालं... जा, पिशवी भर. सकाळची एसटी लवकर असते."