परटिणीचा खार आणि तांबटाची चिंच

फार फार वर्षं झाली त्या गोष्टीला. एका राजधानीबाहेरच्या ओढ्यावर एक परटीण धुणं धुवायची. राख पाण्यात मुरवून, गाळून ती असा कडक खार काढायची की मळाची काय बिशाद राहायची. त्या खाराचा तिला भारी तोरा.

तिच्या वरच्या अंगाला एक म्हातारा तांबट चिंचेच्या कोळाने तांब्याची भांडी घासायचा. ते आंबट पाणी खाली आलं की तिच्या खाराचा जोर ओसरायचा. मग परटिणीचं तोंड सुटायचं. तांबट बिचारा मुकाट्याने ऐकून घ्यायचा.

राजकन्येच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिची बोहल्यावर नेसायची, हळदीत रंगवलेली अष्टपुत्री साडी धुवायला आली. पदराला तेल लागलं होतं. राजघराण्याचं काम म्हणून परटिणीने ठेवणीतला खार काढला आणि अख्खी साडी त्यात बुडवली. हळदीचा डाग खारात लाल होतो, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण मिरवण्याच्या नादात सुचलंच नाही. साडी वर काढली तर काठापासून पदरापर्यंत लाल.

ओढ्यात कितीही खळबळली तरी लाली जाईना. परटीण रडू लागली. आता राजा तिचा ओढ्यावरचा धुण्याचा घाट काढून घेणार, पोरंबाळं उपाशी मरणार.

इतक्यात तांबट कोळाचं घमेलं घेऊन खाली आला.

"हसायला आलात ना, मामा?" ती रडत म्हणाली.

"हसतोय कशाला, पोरी? माझ्या आंबटाने तुझ्या खाराचा जोर मोडतो, हे तूच रोज ओरडून सांगतेस. मग आज मोडू दे की."

त्याने कोळ गाळून पाण्यात कालवला. साडी त्यात बुडाली, लाली हळूहळू उतरली आणि हळद पुन्हा पिवळी झाली.

परटिणीने त्याचे पाय धरले. "इतकं वाट्टेल ते बोलले मी तुम्हांला. हे उपकार कसे फेडू?"

तांबट संकोचला. "माझ्या भांड्यांना आंबट चिकटून राहतं, मग ती हिरवी पडतात. तुझ्या खारात तेवढी विसळून देशील?"

तिने त्याच दिवशी सगळी भांडी विसळून दिली, आणि पुढेही देत राहिली.

राजकन्या बोहल्यावर चढली तेव्हा सगळे तिच्याकडे पाहत होते. परटीण मात्र गर्दीत म्हाताऱ्याला शोधत होती. तो दिसला तशी तिने तिथूनच हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते.

तात्पर्य : ज्याचा गुण आपल्याला रोज जाचतो, तोच गुण एखाद्या दिवशी आपल्याला तारतो; अशा माणसाचे उपकार मोकळ्या मनाने मानावेत.